दोन बनियनांखालचे दुखणे

खोडाळ्याहून विहीगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पळणारी मुले दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करत असतो, कुणी लष्कराची. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे नसेल तर मोखाडा तालुक्यातल्या तरुणापुढे जे थोडे मार्ग उरतात, त्यांत अंगावरची वर्दी हा एक मोठा. अशा घोळक्यात एखादा असा असतो, की तो मे महिन्याच्या उकाड्यातही शर्टाखाली दोन बनियन घालतो, नदीवर इतरांबरोबर पोहायला उतरत नाही आणि पळताना खांदे पुढे झुकवून ठेवतो. धाव त्याची चांगली असते. पण भरतीच्या मैदानावर शर्ट काढून छाती मोजतात. महाराष्ट्र पोलिसांत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर त्याहून ५ सेंटिमीटर जास्त लागते. त्या टेपेची त्याला धास्ती नसते. शर्ट काढण्याची असते.

त्याच्या छातीवर मुलीसारखे उभार आलेले असतात. हे तो आईला सांगत नाही, वडिलांना तर नाहीच. सांगतो ते मोबाइलला. आणि मोबाइल एकदा ऐकले की थांबत नाही. 'एका दिवसात सपाट छाती', 'टाके नाहीत, हप्त्याने पैसे' अशा जाहिराती एकामागून एक येऊ लागतात. दुसऱ्या कुणाच्या तरी पडद्यावर याच वेळी स्त्रियांसाठी मलम, गोळ्या आणि पंपांच्या जाहिराती चालू असतात. स्तनांच्या आकारावरची शस्त्रक्रिया हा मुंबई-पुण्यातल्या श्रीमंतांचा विषय आहे, अशी समजूत अजून आहे. पण तो प्रश्न खोडाळ्यातही आहे, फक्त तो दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. पोहोचलाच तर पुष्कळदा 'काही नाही, वयाचे आहे, जा घरी' या एका वाक्यावर परत पाठवला जातो. हे वाक्य अनेकदा खरे असते. पण शर्ट न काढता, हात न लावता ते उच्चारले तर त्याला निदान म्हणता येत नाही.

पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी वाढणे याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही थोडे इस्ट्रोजेन असते आणि स्तनाग्रामागे ग्रंथीचा लहानसा अंश जन्मापासून असतो. वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांचा तोल काही काळ ढळतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या निम्म्याच्या आसपास मुलांत स्तनाग्राखाली बटणासारखी, दाबल्यावर दुखणारी चकती लागते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात, जिथे आंघोळ उघड्यावर आणि चिडवणारे चाळीसजण, तिथे ही चकती म्हणजे रोजची शिक्षा. बहुतेकांची ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरते. म्हणून या वयात शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. मुलाला आणि त्याच्या शिक्षकांना नीट समजावून सांगणे, दर काही महिन्यांनी तपासणे, एवढाच उपचार. मात्र दोन वर्षे उलटून गेली, वय सतरा-अठराच्या पुढे गेले आणि ग्रंथी घट्ट तंतुमय झाली, की ती औषधाने किंवा दंडबैठकांनी जात नाही. व्यायामाने खालचा स्नायू वाढतो आणि त्यावरची ग्रंथी आणखीच पुढे येते. भरतीसाठी जोर मारणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवे.

दुसरा प्रकार म्हणजे नुसती चरबी. लठ्ठ माणसाच्या छातीवर ती साठते, तिच्यात घट्ट चकती लागत नाही. तिथे वजन उतरवणे हा पहिला उपाय. आडवे झोपवून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्तनाग्रामागचा भाग धरला, की बहुतेक वेळा दोन्हींतला फरक कळतो. त्याला कुठलेही यंत्र लागत नाही. खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो कळू शकतो.

खरी गोष्ट पुढे आहे. प्रौढ पुरुषाची छाती वाढली तर ती का वाढली हे आधी शोधावे लागते, आणि जव्हार-मोखाड्यात या 'का'ची उत्तरे शहरातल्या क्लिनिकच्या उत्तरांहून वेगळी निघू शकतात. दारूने यकृत सुकले की इस्ट्रोजेनचा निचरा नीट होत नाही आणि छाती वाढते. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळीदेखील तेच करते. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडने क्वचित छाती वाढल्याच्या नोंदी आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात वापरल्या जाणाऱ्या इथिओनामाइडनेही. इथे एक धोका आहे. छाती वाढली म्हणून रुग्ण लाजेने कुणालाही न विचारता क्षयाच्या गोळ्या बंद करतो. त्या परस्पर कधीही बंद करू नयेत. तक्रार सांगितली तर मार्ग काढता येतो.

उपासमारीचाही एक संबंध आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांमधून सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर अन्न मिळू लागले आणि काही आठवड्यांत त्यांच्यातल्या अनेकांच्या छातीला उभार आले. दीर्घ उपासमारीत वृषणांचे काम मंदावते. अन्न मिळाले की ते पुन्हा सुरू होते आणि शरीर जणू दुसऱ्यांदा वयात येते. ही वाढ बहुधा काही महिन्यांनी ओसरते. हाडांचा सापळा झालेला क्षयरोगी औषध आणि आहाराने दहा किलो वजन कमावतो तेव्हाही असे घडू शकते. त्या माणसाला शस्त्रक्रियेची नाही, थोड्या धीराची गरज असते.

कुष्ठरोग हे आणखी एक कारण. पालघर जिल्ह्यात कुष्ठरोग संपलेला नाही. त्याच्या बहुजीवाणू प्रकारात जंतू वृषणांनाही इजा करतात, टेस्टोस्टेरॉन घटते आणि छाती वाढू शकते. अशा रुग्णाच्या अंगावरचे बधिर चट्टे न पाहता नुसती छाती सपाट करून देणारा सर्जन रोग तसाच ठेवून बिल घेतो. वृषणाची गाठ, लहानपणी पोटातून खाली न उतरलेले वृषण, थायरॉइडचे आजार, मूत्रपिंड निकामी होणे, एक एक्स गुणसूत्र जास्त असलेला क्लाइनफेल्टर सिंड्रोम हीदेखील कारणे आहेत. म्हणून छातीची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषाची वृषणे तपासलीच पाहिजेत. ती तपासली नाहीत तर तपासणी अर्धीच झाली. आणि 'ताकदीचे' म्हणून व्यायामशाळेतून मिळणारे इंजेक्शन किंवा विनालेबलची पावडर घेतली असेल तर तेही सांगायला हवे, कारण त्यांतली स्टेरॉइडे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतात. पिळदार छातीसाठी घेतलेल्या सुईने भलतीच छाती मिळते.

एकाच बाजूची, खडकासारखी घट्ट, न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे किंवा जखम होणे ही मात्र कर्करोगाची लक्षणे असू शकतात. स्तनांच्या सर्व कर्करोगांपैकी साधारण एक टक्का पुरुषांना होतो. 'आपल्याला तो होत नाही' या समजुतीपोटी ते उशिरा येतात.

कारण शोधून झाले, थांबून झाले, तरी ग्रंथी राहिली, तर शस्त्रक्रिया आहे आणि ती चांगली आहे. ती आजचीही नाही. सातव्या शतकात एजिना बेटावरच्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्याने पुरुषाचे वाढलेले स्तन चंद्रकोरीसारखा छेद घेऊन काढण्याची रीत लिहून ठेवली होती. १९४६ मध्ये अमेरिकेच्या जेरोम वेबस्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेण्याची पद्धत मांडली. व्रण त्या कडेत लपतो, म्हणून ती आजही वापरतात. चरबी नळीने ओढून काढतात, तिला लायपोसक्शन म्हणतात. ग्रंथी मात्र छेदातून कापूनच काढावी लागते. 'टाके नाहीत' असे सांगून नुसती चरबी ओढली आणि चकती आत राहिली, तर उभार तसाच राहतो आणि पैसे जातात. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काढली तर स्तनाग्राखाली बशीसारखा खड्डा पडतो. रक्त साठणे, काही काळ बधिरपणा हेही होऊ शकते. नंतर चार ते सहा आठवडे छातीला घट्ट बसणारे जाकीट घालावे लागते. लष्कर आणि केंद्रीय सशस्त्र दलांच्या वैद्यकीय तपासणीत वाढलेली छाती अपात्रतेचे कारण ठरू शकते. त्यामुळे भरतीची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. जखम पूर्ण भरायला वेळ द्यावा लागतो.

स्त्रियांची गोष्ट वेगळ्या टोकापासून सुरू होते. स्तन लहान आहेत म्हणून खोडाळ्यातून कुणी रुग्णालयात येत नाही. फार मोठे आहेत म्हणूनही येत नाही. ती बाई येते मान दुखते, खांद्यात कळ येते, पाठ भरून येते म्हणून. तिला वेदनाशामक गोळ्या मिळतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाईची पाठ दुखणार, असे डॉक्टरही धरून चालतो. पण काहींच्या बाबतीत हंड्याशिवायचे वजनही असते. खांद्यावर पट्ट्यांचे कायमचे वळ, स्तनांखालच्या घडीत घामाने आलेली आणि पुन्हा पुन्हा चिघळणारी खाज, पुढे वाकून लावणी करताना ताण. हे दिसले की प्रश्न रूपाचा राहत नाही. वयात येणाऱ्या एखाद्या मुलीचे स्तन काही महिन्यांत बेसुमार वाढतात, तिची शाळाच सुटते. हा प्रकार दुर्मीळ, पण खराखुरा आजार आहे.

अशांसाठी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया असते. जादा ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढून स्तनाग्र वर सरकवतात. व्रण बऱ्याचदा स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली सरळ आणि स्तनाखालच्या घडीत आडवा असा असतो. तो फिकट होतो, जात नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे अंगावर पाजताना दूध कमी येऊ शकते, म्हणून मुले व्हायची असतील तर शक्यतो नंतर करतात. एवढ्या सगळ्या अटींनंतरही ज्यांनी ती करून घेतली त्यांच्यात समाधानाचे प्रमाण मोठे असते, कारण ओझे खरोखरच उतरते. त्याआधी नीट आधार देणारी, मापाची अंतर्वस्त्रे वापरून पाहावीत. हा सल्ला साधा आहे, पण बाजारात टांगलेल्या दोन-तीन मापांत अशा बाईला बसेल असे काही मिळत नाही.

आणखी एक तक्रार प्रसूतीनंतरच्या कक्षात नेहमी दिसते. तिसऱ्या दिवशी काखेत लिंबाएवढी गाठ येते आणि घरचे घाबरतात. काही स्त्रियांत स्तनग्रंथीचा एक तुकडा काखेत असतो. दूध उतरले की तोही फुगतो. तो पिळू नये. सूज बहुधा उतरते. कायम त्रास देत असेल तर पाजणे थांबल्यावर तो काढता येतो. दोन्ही स्तनांत थोडा फरक असणे तर सर्वसाधारण आहे. फरक फारच मोठा असेल, एका बाजूचा छातीचा स्नायूच नसेल, त्याच बाजूची बोटे आखूड किंवा जुळलेली असतील, तर तो पोलंड सिंड्रोम नावाचा जन्मजात दोष असू शकतो. त्यावर उपाय आहेत. पाजल्याने स्तन ओघळतात, ही समजूत मात्र सोडून द्यावी. अभ्यासांत पाजणे हे त्याचे स्वतंत्र कारण आढळलेले नाही. वय, बाळंतपणांची संख्या, वजनातील चढउतार आणि तंबाखूचे धूम्रपान यांचा वाटा दिसतो. ओघळलेले स्तन उचलून बांधण्याची शस्त्रक्रिया असते, तिचे व्रण वर सांगितले तसेच.

स्तन मोठे करण्यासाठी सिलिकॉनची पिशवी बसवतात. ती पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी बसवली. या पिशवीचा इतिहास सरळ नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी सिलिकॉनच्या वापरावर निर्बंध आणले, ते २००६ मध्ये उठले. २०१० मध्ये एका फ्रेंच कंपनीच्या पिशव्यांत औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन सापडले आणि जगभरच्या लाखो स्त्रिया चिंतेत पडल्या. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या एका विरळ लिम्फोमाशी संबंध आढळल्याने परत मागवल्या गेल्या. यातून एवढेच समजायचे की पिशवी जन्मभराची नसते. तिच्याभोवती कठीण कवच येऊ शकते, ती फाटू शकते, काही वर्षांनी बदलावी लागू शकते. ज्या शहरात ती बसवली तिथे पुन्हा जाता येणार नसेल तर बसवण्याआधी दहादा विचार करावा. पिशवीऐवजी सुईने टोचून काही 'भरून' देणाऱ्यांकडे तर फिरकूच नये. द्रव सिलिकॉन स्तनात टोचल्याने गाठी होतात, ऊती सडतात, आणि पुढे कर्करोगाची गाठ शोधणे अवघड होते. मलम, गोळ्या आणि पंप यांनी स्तन वाढत नाहीत.

कर्करोगासाठी स्तन काढलेल्या बाईचा प्रश्न या सगळ्याहून मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. गावात परतल्यावर ती पदर दोनदा ओढून घेते, नळावर इतरांच्या आधी किंवा नंतर जाते. तिला नवा स्तन घडवता येतो हे तिला अनेकदा कुणी सांगितलेलेच नसते. पाठीचा किंवा पोटाचा भाग रक्तवाहिन्यांसकट वळवून छातीवर आणतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्याजवळ कापलेल्या नाकावर कपाळाची कातडी, मूळ तसेच जोडलेले ठेवून, वळवून बसवल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तिथूनच युरोपच्या प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली. पाठीच्या स्नायूने स्तन घडवताना सर्जन तेच तत्त्व वापरतो. ज्यांना दुसरी शस्त्रक्रिया नको, त्यांनी ब्लाउजच्या आत बसणारा कृत्रिम स्तन वापरावा. तो नसेल तर कापडी खोळीत कापूस आणि वजनासाठी थोडे धान्य भरूनही काम भागते. वजन महत्त्वाचे आहे, नाहीतर एका बाजूला भार राहून खांदा कलतो.

पैशांचे काय? राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया नाहीत. पण मुंबईतील जे. जे., केईएम, सायन या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, आणि गायनेकोमॅस्टिया किंवा त्रासदायक मोठे स्तन या तक्रारी तिथे नवख्या नाहीत. २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली या सरकारी रुग्णालयात स्तनांच्या अशा शस्त्रक्रिया मोफत देण्यास सुरुवात झाली तेव्हा टीका झाली. गरिबाला हा पर्याय दिला नाही तर तो कर्ज काढेल किंवा धोक्याच्या वाटेने जाईल, असे तिथल्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे आहे. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा आणि तिथून लोकलने मुंबई गाठणाऱ्याला त्या प्रवासाचाच खर्च जड असतो. म्हणून पहिली तपासणी गावातच व्हावी, गरज असेल तर मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि मगच चिठ्ठी घेऊन मुंबई किंवा नाशिक.

ती पहिली तपासणी आरोग्यसेविकेनेही करावी अशी व्यवस्था आज आहे. तीस वर्षांवरच्या स्त्रियांचे स्तन तपासणे हा राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाचा भाग आहे. नुसत्या हाताने काय कळणार, असे वाटेल. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले.

शस्त्रक्रिया ठरलीच तर सर्जन कोण हे विचारावे. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? भूल कोण देणार, हेही विचारावे. या भागातल्या माणसाने आणखी दोन गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. घरात कुणाला सिकलसेल आहे का. नसेल माहीत तर रक्ताची साधी चाचणी आधी करून घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णाला भुलेच्या वेळी पाणी कमी पडले, अंग थंड पडले किंवा ऑक्सिजन घटला तर जिवावर बेतू शकते. दुसरे, विडी आणि मिश्री. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, वळवलेली कातडी आणि स्तनाग्र काळे पडू शकते. निदान चार आठवडे आधी दोन्ही बंद हवे. हिमोग्लोबिन आठ असताना कुणी पुढे ढकला म्हटले तर रागावू नये.

राहता राहिला दिवसांचा प्रश्न. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे जड उचलायचे नाही. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, दिवाळीनंतर भट्टी, आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ गाठत पाण्याच्या खेपा. तारीख घेण्याआधी तिच्या नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून एकच विचारावे: या सहा आठवड्यांत हंडा कोण उचलणार?